होसे मारी चान यांचा 'कॉन्स्टंट चेंज': फिलिपिन्सनं उराशी धरलेली प्रेमगीतं

सांजवेळ

फिलिपिन्सच्या पॉप संगीतावर मराठीत कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हा धागा काढतेय. सगळ्या देशाचं संगीत एका धाग्यात मावणार नाही, तेव्हा एकच अल्बम घेते: होसे मारी चान यांचा 'कॉन्स्टंट चेंज', साल १९८९. युनिव्हर्सल रेकॉर्ड्स या तिथल्या कंपनीनं काढला. खप इतका झाला की फिलिपिन्सच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेनं त्याला डायमंड दर्जा दिला. त्यातली दोन गाणी तरी तिथल्या कुठल्याही वयाच्या माणसाला अख्खी पाठ असतात: 'ब्यूटिफुल गर्ल' आणि 'प्लीज बी केअरफुल विथ माय हार्ट'.

आधी माणसाबद्दल. चान यांचा जन्म १९४५ चा, इलोइलो शहरातला, चिनी वंशाच्या फिलिपिनो कुटुंबातला. घरचा धंदा साखरेचा. मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठातून त्यांनी १९६७ साली अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि त्याच वर्षी 'आफ्टरग्लो' हे पहिलं गाणं बाजारात आलं. १९७३ मध्ये टोकियोच्या जागतिक लोकप्रिय गीत महोत्सवात त्यांनी देशाचं प्रतिनिधित्व केलं. नाव झालेलं होतं, गाणी लोकांच्या तोंडी होती, आणि नेमके तेव्हा, १९७५ मध्ये, ते घरच्या साखर व्यवसायासाठी अमेरिकेला गेले. तिथे ११ वर्षं राहिले. परतले १९८६ साली, म्हणजे हुकूमशहा मार्कोस यांची राजवट कोसळली त्या वर्षी.

'कॉन्स्टंट चेंज' आला तेव्हा ते ४४ वर्षांचे होते. संसारी, मुलाबाळांचे, रोज कचेरीत जाणारे. मला या अल्बमचं सगळं मर्म इथेच दिसतं. पॉपमधली प्रेमगीतं सहसा विशीतल्या मुलांची असतात: तू हवीस, तुझ्यावाचून जगणं नाही, वगैरे. इथे मागणं फार लहान आहे. मला सांभाळून घे, इतकंच. 'प्लीज बी केअरफुल...' हे युगुलगीत घ्या. एकाचं हे पहिलंच प्रेम आहे आणि तो जीव घाबरलेला आहे. दुसऱ्याचं मन आधी एकदा मोडलेलं आहे, म्हणून समोरच्याची भीती त्याला आतून कळते. तो एकनिष्ठ राहीन म्हणतो, तुझं मन जपेन म्हणतो. चार मिनिटांच्या गाण्यात दोन माणसांची भीती आणि एकमेकांना दिलेला दिलासा इतक्या सरळपणे आलेला मी फार कमी वेळा ऐकलाय.

'ब्यूटिफुल गर्ल'मध्ये तर काही घडतच नाही म्हणा ना. एका अनोळखी मुलीशी ओझरती भेट, दोन शब्द, आणि मग ती कुठे असेल याची हुरहुर. एवढ्या ऐवजावर हे गाणं तीन दशकांहून जास्त टिकलंय. इंडोनेशियातही ते घरोघरी माहीत आहे.

'प्लीज बी केअरफुल...'मध्ये चान यांच्यासोबत गाणारी रेजिन वेलास्केस तेव्हा विशीच्या आतलीच होती. त्याच वर्षी तिनं हाँगकाँगची आशिया-पॅसिफिक गायन स्पर्धा जिंकली. तिच्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

कुणी ऐकलाय का हा अल्बम? काय वाटलं?

*

निळीशाई

छान ओळख, सांजवेळ. दोन्ही गाणी आत्ताच ऐकली. चाल गोड आहे, नाकारत नाही. पण मला एक गोष्ट खटकते, ती आधीच मांडते.

ही इंग्रजी गाणी आहेत. वाद्यमेळ १९८० च्या दशकातल्या अमेरिकी बॅलडचा, म्हणजे संथ पॉप प्रेमगीताचा, तो इलेक्ट्रिक पियानो, ते तंतुवाद्यांचे थर, सगळं तिकडचं. डोळे मिटून ऐकलं तर गायक कुठल्या देशाचा हे सांगता येणार नाही. मग याला फिलिपिन्सचं प्रेमगीत का म्हणायचं? त्यांच्याकडे कुंदिमान नावाची प्रेमगीतांची स्वतःची परंपरा आहे. निकानोर आबेलार्दो, फ्रान्सिस्को सान्तियागो यांच्यासारख्या संगीतकारांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिला मैफलीच्या मंचावर नेलं. १९७८ मध्ये फ्रेडी आगीलार यांच्या 'आनाक'नं दाखवून दिलं की टागालोग, म्हणजे मनिलाकडच्या भाषेतलं गाणं जगभर जाऊ शकतं. त्यानंतर ११ वर्षांनी देशातल्या सगळ्यात गाजलेल्या प्रेमगीतांनी इंग्रजीतच यावं, याचं मला वाईट वाटतं. १८९८ पासून १९४६ पर्यंत त्या देशावर अमेरिकेचं राज्य होतं. १९०१ मध्ये 'थॉमस' जहाजातून शिक्षकांची तुकडी येऊन उतरली आणि शाळांमधून इंग्रजी रुजली. त्याचं हे फळ आहे असं मला दिसतं.

*

दर्यासारंग_

मी व्यापारी जहाजावर असतो. अभियंता. आमच्या जहाजांवर भारतीय आणि फिलिपिनो हे नेहमीचं गणित. जगात सगळ्यात जास्त खलाशी पुरवणाऱ्या देशांत दोघेही वर आहेत.

निळीशाई ताई, तुमचा भाषेचा मुद्दा वाचला. पण मेसमध्ये शनिवारी रात्री कराओके लागतं तेव्हा मी जे पाहतो ते सांगतो. चीफ कुक, ऑइलर, बोसन, सगळे पन्नाशीला टेकलेले, हातावर जुने भाजल्याचे डाग. 'प्लीज बी केअरफुल' लागलं की दोघं उभे राहतात, एक पुरुषाचं गातो, एक बाईचं. कुणी टिंगल करत नाही. गाणं संपलं की माणूस फोन घेऊन डेकवर जातो, कारण घरी मनिलात किंवा सेबूत बायको जागी असते. नऊ-नऊ महिन्यांचा करार असतो. माझं मन जप, हे त्यांच्यासाठी नुसतं गाण्यातलं वाक्य राहत नाही. घरापासून इतकं लांब राहणाऱ्या प्रत्येकाला तीच एक धास्ती असते. तिलाही, त्यालाही.

आणि कराओकेचं म्हणाल तर त्यातही त्यांचा वाटा मोठा आहे. जपानच्या दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये कोबेत कराओकेचं यंत्र बनवलं हे खरं, पण त्यांनी पेटंट घेतलं नाही. पेटंट मिळालं ते रोबेर्तो देल रोसारियो या फिलिपिनो गृहस्थांना.

*

पेटीमास्तर

रेजिन वेलास्केसबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

तिची पुढची सगळी कीर्ती तारसप्तकातल्या दणदणीत फेकीची आहे. तिकडच्या गायिकांच्या पुढच्या पिढ्या तिच्यासारखं उंच आणि मोकळं गाण्याच्या ध्यासानं वाढल्या. आता हे युगुलगीत ऐका. तिनं तो सगळा जोर म्यान केलाय. आवाज सपाट पाण्यासारखा ठेवलाय, ओळीच्या शेवटी किंचित श्वास सोडते आणि थांबते. एवढ्या कोवळ्या वयात, आपल्या आवाजाची ताकद माहीत असताना, ती न दाखवणं याला फार समज लागते. चान यांचा आवाज तसा बेताचा, बोलका. त्यांच्या अंगावर तिचा आवाज गेला असता तर गाणं तिथेच मोडलं असतं.

चाल बांधायची पद्धतही बघण्यासारखी आहे. सूर शेजारच्या सुरावर सरकतात, मोठ्या उड्या नाहीत, आणि बराचसा वेळ एकाच सप्तकात मुक्काम. म्हणून दर्यासारंग म्हणतात तसा चीफ कुकही गाऊ शकतो. पेटीवर वाजवून पाहिलं, डाव्या हाताला फारसं काम नाही, सगळा भार ओळीच्या वळणावर. सोपी चाल करणं अवघड असतं हे ज्यानं चाल लावायचा प्रयत्न केलाय त्यालाच कळेल.

कुंदिमानचा विषय निघालाय तर त्याची बांधणी सांगतो. ताल तीनाचा, सुरुवात उदास वाटणाऱ्या मायनर स्वरांमध्ये, आणि उत्तरार्धात त्याच सुरावरच्या उजळ मेजरमध्ये प्रवेश. म्हणजे आधी झुरणं, मग आशा. चान यांच्या गाण्यात ते वळण नाही. त्या अर्थानं निळीशाई यांचं निरीक्षण बरोबर आहे.

*

मांडवीतीर

पणजीहून.

पेटीमास्तरांचं कुंदिमानचं वर्णन वाचून आमचा मांडो आठवला. संथ, तीनाच्या अंगानं चालणारा, विरहाचा, व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीचा. तिथे स्पॅनिश आले, इथे पोर्तुगीज. दोन्हीकडे चर्चमधून स्वरलिपी आणि गिटार घरात शिरली आणि प्रेमाचं गाणं दिवाणखान्यात तयार झालं.

आणखी एक. आमच्याकडचे बरेच जण क्रूझ जहाजांवर नोकरीला जातात. तिथल्या वाद्यवृंदात फिलिपिनो वादक असतातच. पाहुण्यांसाठी ते जगातलं काहीही वाजवतात, पण काम संपल्यावर स्वतःसाठी काय वाजवतात ते आमच्या मुलांनी ऐकलेलं असतं. चान यांची गाणी माझ्यापर्यंत अशीच आली, घरच्या एकाच्या गिटारवरून. मूळ रेकॉर्ड नंतर ऐकली.

*

निळीशाई

दर्यासारंग, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ. गाणं त्यांचं होतं ते गाणाऱ्यांमुळे, हे मान्य.

पण कुंदिमानमध्ये आणखी एक थर होता, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकी अमलात १९०७ ते १९१९ फिलिपिन्सचा झेंडा फडकवायला बंदी होती. तेव्हा प्रेयसीला उद्देशून गायलेल्या गाण्यात लोक मातृभूमीला ओळखत. 'बायान को' हे तर उघड देशाचंच गाणं. शब्द होसे कोरासोन दे हेसुस यांचे, संगीत कोन्स्तान्सियो दे गुझमान यांचं. १९८३ मध्ये मार्कोस यांचे विरोधक बेनिग्नो आकिनो यांची हत्या झाल्यावर रस्त्यारस्त्यावर ते गायलं गेलं, थेट १९८६ च्या फेब्रुवारीत मार्कोस जाईपर्यंत. प्रेमगीताच्या अंगात एवढं बळ असलेला देश तीन वर्षांनी इतक्या खाजगी, इतक्या मऊ गाण्यांकडे का वळला? हा माझा खरा प्रश्न आहे.

*

ऊसपट्टा

मी कोल्हापूरकडचा, त्यामुळे साखर म्हटलं की कान टवकारतात.

चान यांचं इलोइलो आणि समोरचं नेग्रोस बेट हा त्या देशाचा ऊसपट्टा. १९८० च्या दशकाच्या मध्यावर जागतिक बाजारात साखरेचे भाव कोसळले. त्यात मार्कोस यांच्या काळात साखरेचा सगळा व्यापार सरकारी मक्तेदारीत आणि मर्जीतल्या लोकांच्या हातात गेलेला. नेग्रोसमधल्या ऊसतोड मजुरांची कामं गेली, मुलं कुपोषणानं मेली. १९८५ च्या आसपासचे त्या मुलांचे फोटो जगभर छापून आले होते. मजुराकडे स्वतःची जमीन नाही, वर्षातले काही महिने कामच नाही, ही व्यवस्था आपल्याकडच्या तोड मजुरांच्या हालांशी परिचय असणाऱ्याला लगेच कळेल.

हे सांगायचं कारण निळीशाई यांचा प्रश्न. १९८६ नंतरही त्या देशाला उसंत मिळाली नाही. १९८९ च्या डिसेंबरात मार्कोस यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्ष, बेनिग्नो यांच्या पत्नी कोराझोन आकिनो यांच्या सरकारविरुद्ध मोठा लष्करी उठाव झाला, मनिलात बॉम्ब पडले. १९९० च्या जुलैत लुझोनमध्ये भूकंप. १९९१ ला पिनातुबो ज्वालामुखी. मग तासन्‌तास वीज नसण्याची वर्षं. रस्त्यावरची गाणी गाऊन झाली होती. घरी परतलेल्या माणसाला कुणीतरी हळू आवाजात बोलणारं हवं होतं, असं मला वाटतं.

*

सांजवेळ

ऊसपट्टा, फार मोलाची माहिती. हे मला जोडता आलं नव्हतं.

निळीशाई, भाषेबद्दल माझं मत मांडते. चान हे इलोइलोचे. तिथली बोलण्याची भाषा हिलिगायनोन, टागालोग नव्हे. त्या देशात दीडशेच्या वर भाषा आहेत. १९८७ च्या राज्यघटनेनं फिलिपिनो आणि इंग्रजी या दोन्ही अधिकृत भाषा ठरवल्या, आणि फिलिपिनोचा पाया टागालोगचा आहे. म्हणजे मनिलाच्या माणसाला जी मातृभाषा वाटते ती सेबूच्या किंवा इलोइलोच्या मुलाला शाळेत शिकावी लागते, इंग्रजीसारखीच. चान यांनी टागालोगमध्येही गाणी केली आहेत. पण इंग्रजी प्रेमगीत सेबूत आणि दावाओत जेव्हा वाजतं तेव्हा तिथल्या कुणाला ते राजधानीच्या भाषेतलं वाटत नाही. इंग्रजी सत्तेची भाषा आहे हे खरंच. पण त्या देशात टागालोगही काही प्रमाणात सत्तेची आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुलै १९८७ मध्ये कोराझोन आकिनो यांनी कार्यकारी आदेश क्रमांक २५५ काढला. संगीत वाजवणाऱ्या प्रत्येक रेडिओ केंद्रानं दर तासाला किमान चार मूळ फिलिपिनो रचना वाजवायच्या. आणि मूळ फिलिपिनो रचना कशाला म्हणायचं? फिलिपिनो माणसानं केलेली, मग शब्द फिलिपिनोत असोत, इंग्रजीत असोत की दुसऱ्या कुठल्या भाषेत. आदेशातच तसं लिहिलंय. दोन वर्षांनी 'कॉन्स्टंट चेंज' आला तेव्हा रेडिओचं दार असं उघडं होतं. परदेशी रेकॉर्डींनी व्यापलेल्या वेळात आपल्या माणसाचं गाणं तासातासाला ऐकू यायला लागलं. अल्बमच्या यशात या आदेशाचा हात किती हे मोजता येणार नाही, पण हात होता असं मी म्हणेन.

*

जाईची_वेल

शारजा. रुग्णालयात नोकरी.

आमच्या वॉर्डात मल्याळी, मराठी, फिलिपिनो अशा सगळ्या. चान यांचं नाव मला वर्षाच्या ठरावीक दिवशी ऐकू येतं: १ सप्टेंबरला. त्यांचा नाताळ सप्टेंबरपासून सुरू होतो आणि सुरुवात होते ती चान यांच्या 'ख्रिसमस इन अवर हार्ट्स'नं. 'कॉन्स्टंट चेंज'च्या पुढच्याच वर्षी, १९९० ला तो अल्बम आला. शीर्षकगीत ते आपल्या मुलीबरोबर, लिझाबरोबर गायलेत. तो तर याहून जास्त खपला, त्या देशातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बममध्ये त्याचं नाव घेतात.

माझी मैत्रीण, नर्सच आहे, ती म्हणते नाताळचं गाणं सगळ्यांचं, पण प्रेमाची गाणी आईची. तिची आई हाँगकाँगला घरकामाला होती. घरी जे पार्सल पाठवायची त्यात साबण, चॉकलेटं आणि स्वतःच्या आवाजाची कॅसेट असायची. उरलेल्या फितीवर ही गाणी भरलेली. मुलींनी ती फीत झिजेपर्यंत ऐकली. मला हे ऐकल्यापासून 'कॉन्स्टंट चेंज' वेगळाच ऐकू येतो. आम्हा परदेशात राहणाऱ्या आयांना तो नीट कळतो, भाषा कुठलीही असो.

*

मुक्काम_पोस्ट

वाचतोय. सुंदर धागा.

थोडी भर. २०१२ ते २०१४ या काळात एबीएस-सीबीएन वाहिनीवर 'बी केअरफुल विथ माय हार्ट' याच नावाची दैनंदिन मालिका होती. जोडी स्टा. मारिया आणि रिचर्ड याप. गावाकडून आलेली मुलगी, विधुर मालक, त्याची मुलं. सकाळच्या वेळची साधी मालिका, पण देशभर वेड लागल्यासारखी पाहिली गेली. २३ वर्षांपूर्वीचं गाणं त्यामुळे नव्या पिढीकडे पोचलं. ख्रिश्चन बाउटिस्टा या तिथल्या गायकानं चान यांची गाणी पुन्हा गायली, तीही चांगली आहेत, पण माझा कौल मूळ रेकॉर्डला.

या प्रकारातलं पुढचं मोठं नाव हवं असेल तर नीना या गायिकेचा 'नीना लाइव्ह' ऐका, २००५. तोही डायमंड. गाणी मात्र बहुतेक इतरांची, नव्यानं गायलेली. स्वतः लिहिणारा, चाल बांधणारा आणि गाणारा एकच माणूस, हे चान यांचं वैशिष्ट्य तिथे नाही.

*

पेटीमास्तर

निळीशाई यांनी विचारलेलं डोक्यात घोळत होतं, म्हणून पुन्हा आलो.

फिलिपिन्समध्ये हराना नावाची रीत होती. मुलगा मित्रांना आणि गिटारला घेऊन रात्री मुलीच्या खिडकीखाली जायचा आणि गायचा. घरातले सगळे ऐकत असायचे. त्यामुळे गाण्यात आब राखावा लागे, विनवणी असायची पण सलगी नाही. घरच्यांना आवडलं तर दार उघडायचं, आत बोलावणं व्हायचं, आणि मुलगीही गाण्यातून उत्तर द्यायची.

आता 'प्लीज बी केअरफुल' पुन्हा ऐका. विनंती आणि उत्तर. कुठेही अंगचटीचा शब्द नाही. आईवडिलांसमोर गाता येईल असं प्रत्येक वाक्य. वाद्यं अमेरिकेची, भाषा इंग्रजी, पण माणूस खिडकीखालीच उभा आहे. अमेरिकी बॅलड असा घरच्यांच्या कानांचा विचार करून लिहिलेला नसतो. डोळे मिटून ऐकलं तर देश ओळखू येत नाही असं त्या म्हणाल्या. मला वाटतं या अदबीवरून ओळखू येतो.

*

निळीशाई

पेटीमास्तर, हे पटलं. अदबीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो फक्त शब्दांवरून आलाही नसता.

तरी माझी हळहळ शिल्लक आहे. हीच अदब हिलिगायनोनमध्ये, त्यांच्या गावच्या बोलीत आली असती तर ती कशी वाजली असती, हे ऐकायला मला फार आवडलं असतं. तेवढं खपलं नसतं, कबूल. आज रात्री अख्खा अल्बम लावणार आहे, क्रमानं.

*

दर्यासारंग_

आमचा सेकंड कुक इलोइलोचाच आहे. परवा बंदर सोडलं की त्याला हिलिगायनोनमधली प्रेमाची गाणी विचारतो. गायला तयार झाला तर शब्द उतरवून इथे टाकतो.